आठ घाटांची यादी आणि गाडीतली पाच माणसं

प्रश्न: आम्ही पिंपरीत राहतो. दिवाळीच्या सुटीत पाच दिवस, चार रात्री, आपल्याच गाडीने घाटरस्त्यांनी फिरायचं ठरलंय. नवऱ्याने यादी केली आहे: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा आणि आंबोली. दिवसाला दोन घाट, असा त्याचा हिशेब. सोबत सासू-सासरे आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीला गाडी लागते. सासऱ्यांना मधुमेह आहे. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, धरण दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. सासूबाईंना देवदर्शन हवं आणि निवांत बसायला एखादी जागा हवी. मी रोज ऑफिसला गाडी चालवते, पण घाट आला की नवरा स्टिअरिंग मागून घेतो आणि सासू-सासऱ्यांसमोर मी काही बोलत नाही. यातले कोणते घाट गाळू आणि कसं जाऊ?

उत्तर: सहा गाळा, दोन ठेवा. फोंड्याने कोकणात उतरा, आंबोलीने वर या.

तुमच्या यजमानांची आवड मला कळते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला घाटांची नावं एका दमात म्हणावीशी वाटतातच. पण दिवसाला दोन घाट म्हणजे सकाळी उतरायचं, दुपारी चढायचं आणि मधलं गाव काचेतून बघायचं. शिवाय गाडी लागणाऱ्या मुलीला त्या पाच दिवसांतलं बाकी काही आठवणार नाही, पिशवी तेवढी आठवेल. घाट हा उतरून कुठेतरी पोचण्याचा रस्ता आहे. बंदरातला माल देशावर आणि देशावरचा बंदरात, यासाठी हे रस्ते झाले. आंबोलीचा रस्ता इंग्रजांनी बांधला तोच मुळी बेळगाव वेंगुर्ल्याच्या बंदराला जोडायला. म्हणून घाटाच्या माथ्यावर एक मुक्काम आणि पायथ्याला एक मुक्काम असेल, तरच तो घाट खऱ्या अर्थाने पाहिला असं मी म्हणेन.

गाळलेल्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ताम्हिणी तुमच्या घरापासून एका दिवसाचा रस्ता आहे आणि त्याचं खरं रूप पावसात. वरंध्याला जाल तेव्हा शिवथरघळीसाठी वेळ ठेवून जा. आंबेनळीला प्रतापगड, कुंभार्लीला कोयना आणि चिपळूण, आंब्याला विशाळगड, अशा जोड्या आहेत, त्या स्वतंत्र सुट्यांच्या. करूळ मात्र खिशात ठेवा, तो राखीव म्हणून कामाला येईल. त्याबद्दल शेवटी सांगते.

तारखांचं आधी बघू. भाऊबीजेनंतरचे चार-पाच दिवस टाळा. तेव्हा अर्धा पुणे जिल्हा कोकणात आणि गोव्याकडे निघालेला असतो. खोल्या महाग होतात, आणि पुणे-कोल्हापूर रस्त्यावर जागोजागी वाहनं तुंबतात. शाळेच्या सुटीचा शेवटचा आठवडा, शक्य झाल्यास कार्तिकी एकादशीच्या पुढचा, सगळ्यात चांगला. परतीचा पाऊस गेलेला असतो, भात कापून झालेलं असतं, सकाळी घाटमाथ्यावर गारवा असतो. आणखी एक मोठं कारण आहे, ते सावंतवाडीला पोचल्यावर.

पहिला दिवस: पहाटे निघा, कोल्हापूरमार्गे राधानगरी. पुण्याहून कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, पुढे राधानगरी पन्नासेक. महामार्गावर कामं सुरू असली तर तास-दीड तास जास्त धरा. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घ्यावंसं सासूबाईंना वाटेल. गर्दीचा अंदाज घेऊन ठरवा, पण रांग लांब असेल तर बाहेरूनच नमस्कार करायची तयारी त्यांना घरूनच सांगून ठेवा, वाटेत वाद नको. टाकी कोल्हापुरात भरा आणि थोडी रोकड काढून घ्या. पुढे रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

राधानगरीचा मुक्काम मी तुमच्या सासऱ्यांसाठी निवडलाय. भोगावती नदीवरचं हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू करवलं. लोक त्याला लक्ष्मी तलाव म्हणूनही ओळखतात. दगडी बांधकाम, आणि त्यातली खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्यासाठी कुणाला चाक फिरवायला लागत नाही, विजेची मोटर लागत नाही. नोव्हेंबरमध्ये ते बंद असतील, पाणी कोसळताना दिसणार नाही, हे सासऱ्यांना माहीत असेलच. पण ही युक्ती नातीला समजावून सांगायला त्यांच्याइतका योग्य माणूस गाडीत दुसरा नाही. एका कागदावर चित्र काढून सांगा म्हणावं. धरणाच्या भिंतीजवळ कुठवर जाता येतं आणि फोटो काढता येतात का, हे तिथल्या कार्यालयात विचारा. खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने आपुलकीने चौकशी केली की बोलणं सहज सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी घाईने निघू नका. राधानगरीपासून दाजीपूरपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. हे गव्यांचं अभयारण्य. युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात महाराष्ट्रातली जी चार ठिकाणं आहेत त्यांतलं राधानगरी एक. बाकीची कास, कोयना आणि चांदोली. अभयारण्यात आत जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश सुरू आहे का आणि कोणत्या वेळेत, ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. रस्त्यावरच गवा उभा दिसला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न नको, खाली उतरणं तर मुळीच नको. तो त्याच्या वेळेने जाईल.

आता उतार. घाटाची भीती बहुतेकांना चढाची वाटते, पण गाडीची परीक्षा होते ती उतरताना. जो चढ तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढला असता तो दुसऱ्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. क्लचवर पाय ठेवून उतरू नका, न्यूट्रल तर कधीच नाही. ब्रेकवर पाय टेकवून बसलं की तो तापतो आणि तापला की हळूहळू पकडेनासा होतो. वळणाच्या आधी नीट दाबा, वेग कमी करा, सोडा, मग वळा. जळल्यासारखा वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर रुंद जागा बघून थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की ते वाकडं होतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर खालच्या गिअरवर आणा, नुसतं डी वर ठेवून उतरू नका.

चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे आणि तो पाळल्यावर समोरचा ड्रायव्हर हात वर करून जातो. बंद वळणावर हॉर्न द्या. समोरून एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, कारण तिला वळायला सगळा रस्ता लागतो. फोटोसाठी थांबायचं ते रुंद जागीच. वळणावर नाही आणि दरडीखाली तर नाहीच, पाऊस संपल्यावरही सुटलेले दगड खाली येत असतात.

मुलीचं बघू. गाडी लागते ती वळणांनी, पण त्याहून जास्त लागते ती झटक्यांनी. वर सांगितलेल्या पद्धतीने, वळणाआधी वेग उतरवून आणि वळणात ब्रेक न मारता चालवलं, तर निम्मा त्रास कमी होतो. तिला पुढच्या सीटवर बसवा, पट्टा लावून. सासरे मागे बसतील, एवढ्यापुरतं समजून घेतील. हातात मोबाइल किंवा पुस्तक नको, नजर लांबच्या डोंगरावर. पोट अगदी रिकामंही नको आणि वडापावाने भरलेलंही नको. केळं, कोरडी भाकरी, आलेपाकाची वडी चालते. काच थोडी उघडी, एसीचा सुगंधी डबा काढून टाका, त्याच वासाने अनेक मुलांना मळमळतं. गोळी द्यायची तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि ती घाट लागायच्या आधी, घाटात नाही. सासऱ्यांच्या जेवणाची वेळ चुकू देऊ नका. ‘पुढच्या गावात बघू’ हे वाक्य मधुमेही माणसासोबत प्रवासात वापरायचं नाही. डबा, बिस्किटं आणि त्यांची औषधं डिकीत नाही, हाताशी ठेवा. बाथरूमसाठी घाट सुरू व्हायच्या आधीच एक थांबा ठरवून घ्या.

फोंडा उतरून कणकवलीला आलात की माती लाल होते आणि हवा दमट. महामार्गाने कुडाळ आणि पुढे सावंतवाडी. इथे दोन रात्री राहा. यजमान म्हणतील, एका गावात दोन रात्री कशाला? यासाठी: दिवसभर गाडी न चालवता एक आख्खा दिवस मिळावा म्हणून.

सावंतवाडीत संध्याकाळी मोती तलावाच्या काठावर बसा. सासूबाईंना हवी ती निवांत जागा ही. गावाचा बाजार, खेळून परतणारी पोरं, समोर राजवाडा, सगळं बसल्या जागी दिसतं. राजवाड्यात गंजिफा रंगवण्याची कला आजही जपलेली आहे. गोल पत्ते, त्यावर दशावतार. मुलीला घेऊन चितारआळीत जा. लाकडाची फळं-भाज्या करणारी ही गल्ली. दुकानात टोपलीभर आंबे, केळी, वांगी, मिरच्या मांडलेल्या असतात. एक आंबा हातात घ्या. देठापाशी हिरवट, पोटावर पिवळा, आणि एका गालावर लाली अशी की कुठे पिवळा संपला आणि लाल सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. हलका लागेल, म्हणून नकली समजू नका. हे काम वर्षानुवर्षं हलक्या लाकडातच होत आलंय. भाव करा, पण हातच्या कामाचा मान राखून करा.

मधल्या दिवशी रेडी आणि शिरोडा. रेडीच्या गणपतीची मूर्ती 1976 साली तिथल्या खाणीत सापडली. सासूबाईंना दर्शन होईल. शिरोड्याला समुद्र आहे आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचा इतिहास आहे. दुपारी जेवायला सोलकढी घ्या, मुलीला आवडली नाही तर आग्रह नको. परत या आणि दुपारी सगळ्यांनी झोपा, कारण रात्री जागायचंय.

हेच ते मोठं कारण. कार्तिकात सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेत रात्री दशावतार असतो. जिथे उतराल तिथे विचारा, ‘आज जत्रा खंयच्या गावात आसा?’ कुणीतरी सांगेलच. देवळासमोर साधा मांडव. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच पलंग. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, संकासुर येतो. लहान मुलं संकासुराला भितात आणि त्याच्याचसाठी जागी राहतात. मग पौराणिक आख्यान रंगतं, ते उत्तररात्रीपर्यंत. संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे बोलतात. म्हणून तेच आख्यान दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात वेगळं होतं. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. शक्य झालं तर खेळाआधी मुलीला रंगपट दाखवा, परवानगी विचारून. पेटाऱ्यातून मुकुट काढून, आरशाच्या तुकड्यात बघत स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवणारी ती मंडळी. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने आपल्याशेजारी चहा घेतला होता आणि आता तो देव झालाय, हे मुलांनी एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. सासू-सासऱ्यांना झेपेल तेवढंच थांबा. जाण्या-येण्याला मात्र गावातली रिक्षा किंवा भाड्याची गाडी करा. अंधारात अरुंद अनोळखी रस्त्यावर स्वतः चालवायला जाऊ नका.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, जो तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलात. आंबोलीचा घाट तुम्ही चढवा.

सावंतवाडीहून आंबोली तीसेक किलोमीटर. चढ शिकायला सोपा, कारण गाडीचा वेग आपल्या मुठीत राहतो. सकाळी लवकर निघालात तर गर्दीही नसते. पण हे त्या सकाळी गाडीपाशी उभं राहून मागू नका. आज, घरात, सासू-सासरे नसताना बोला. भांडणाच्या सुरात नाही: ‘पाच दिवस एकट्याने चालवणं तुझ्यासाठीही बरं नाही. वाटेत तुला काही झालं तर घाटात गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न रास्त आहे. दोन वडीलधारी आणि एक लेकरू गाडीत असताना घाट चालवू शकणारी व्यक्ती एकच असणं, ही जोखीम आहे. निघण्याआधी एका रविवारी सकाळी दोघंच कात्रजच्या जुन्या घाटात जा. वर-खाली करा, चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवरून मागे न घसरता उचलायचा सराव करा. यजमान बाजूला बसतील. एकच अट ठरवून घ्या, जिच्या हातात स्टिअरिंग तिला कुणी सूचना करायच्या नाहीत, तिने विचारलं तर सांगायचं. ही अट त्यांनाही लागू, ते चालवतील तेव्हा तुम्हीही गप्प बसायचं. आणि मग तुम्ही आंबोली चढवत असताना आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दरीकडे मान वळवून बघता येईल. एवढे घाट यादीत लिहिणाऱ्या माणसाने एकही घाट बाजूच्या सीटवरून पाहिलेला नसावा, असा माझा अंदाज आहे.

आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये धबधबे बारीक झालेले असतात, तेव्हा पावसाळ्यातले फोटो बघून जाऊ नका. पहाटेचं धुकं, कावळेसाद कड्यावरून दिसणारी दरी, आणि हिरण्यकेशी. नदी जिथे उगम पावते तिथे गुहेसारख्या जागी शंकराचं देऊळ आणि कुंड आहे. या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, शास्त्रज्ञांनी तिला हिरण्यकेशीचंच नाव दिलं आणि 2021 साली सरकारने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. जगात फार थोड्या जागी राहणारा हा जीव आहे. पाण्यात फुलं, नारळ, साबण, पाय काहीही जाऊ देऊ नका, आणि दुसरं कुणी टाकताना दिसलं तर मुलीसमोर शांतपणे सांगा. वाटेतल्या माकडांनाही खाऊ घालू नका. धुक्यात गाडी चालवायची वेळ आली तर लाइट खालचाच ठेवा. वरचा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

परतीचा दिवस लांबचा आहे, पुण्यापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि मग महामार्ग. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या, शिजताना घरभर वास सुटतो. गडहिंग्लजला भुईमुगाच्या शेंगा. संकेश्वरी मिरची सासूबाईंना सांगायला नको. आठला आंबोली सोडा आणि दोघांनी आळीपाळीने चालवा. या पट्ट्यात नोव्हेंबरमध्ये उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे दिवा नाही. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाचही दिवस साडेपाचला गाडी मुक्कामी लागलेली हवी. शेवटच्या दिवशी हे जमत नाही असं दिसलं तर कोल्हापुरात एक रात्र आणखी राहा, पैसे जातील, जाऊ द्या.

निघायच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजमध्ये दाखवा. ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपर, स्टेपनीतली हवा. नकाशे फोनवर उतरवून ठेवा, कारण दाजीपूरच्या जंगलात आणि घाटात रेंज जाते. नकाशाने दाखवलेल्या वेळेला दीडपट करा आणि त्याने सुचवलेल्या आडवाटा घेऊ नका. निघण्याच्या दोन दिवस आधी राधानगरीच्या मुक्कामी फोन करून विचारा, फोंडा घाट सुरू आहे ना? दुरुस्तीसाठी बंद असेल तर तिथून कोल्हापूरकडे मागे या, गगनबावड्याला जा. तिथे रस्ता फुटतो, एक भुईबावड्याकडे, दुसरा करूळ घाटाने वैभववाडीला. करूळचा धरा. वैभववाडीहून तळेऱ्याला महामार्ग लागतो, आणि पुढचा बेत जसाच्या तसा राहतो.